भाजणी विकावी की मिक्सरची लिंक द्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचा मराठी स्वयंपाकाचा चॅनेल आहे. बघणारे बहुतेक पुणे, नाशिक, ठाण्याकडचे, काही माळव्यातले. त्यांच्या आई थालिपिठाची आणि चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घरी करतात, आणि नात्यात, शेजारीपाजारी त्याला कायम मागणी असते. ताई नोकरी करतात. 60,000 रुपये बाजूला काढून ठेवलेत. आता घरचा माल पॅक करून विकावा, की त्या व्यापात न पडता मिक्सर, तवे, सोऱ्या यांच्या लिंक देऊन ॲफिलिएट मार्केटिंगचं कमिशन घ्यावं, हे त्यांना ठरवायचं आहे.

ताई, मी इंदुरातच मसाले आणि कोरड्या चटण्या पॅक करून विकतो, आणि भांड्यांच्या लिंकवर कमिशनही घेतो. दोन्ही आजही चालू आहे, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो: भाजणी विका. लिंक बंद करू नका, पण त्यांच्याकडे कमाई म्हणून कमी आणि बाजाराची खबर म्हणून जास्त बघा. असं का म्हणतो, ते आकड्यांतून दाखवतो. आकडे अंदाजाचे आहेत, त्या जागी तुमचे टाकून बघा.

समजा तुम्ही 4,000 रुपयांच्या मिक्सरची लिंक दिली आणि त्या वर्गातल्या वस्तूंवर 4 टक्के कमिशन आहे. एका मिक्सरमागे 160 रुपये झाले. महिन्याला 10,000 हवे असतील तर 63 मिक्सर विकले गेले पाहिजेत. शंभरातला एक जण खरेदी करतो असं धरलं, तर 6,300 लोकांनी लिंक दाबायला हवी, आणि तीही दर महिन्याला. त्यातून कुणी मिक्सर परत केला की त्याचं कमिशन कापलं जातं. ॲमेझॉनच्या योजनेत लिंक दाबल्यापासून 24 तासांत वस्तू कार्टमध्ये गेली तरच ती तुमच्या नावावर लागते. मिक्सर घेणारी बाई घरी विचारते, दुकानात जाऊन भाव काढते, पगाराची वाट बघते. चौथ्या दिवशी तिने थेट ॲप उघडून घेतला तर तुम्हाला काही मिळत नाही.

आता भाजणीचा हिशोब करू. 400 ग्रॅमच्या पाकिटाला धान्य-डाळींचे 32, भाजण्याचा गॅस आणि आईची मजुरी 12, दळण 4, पाऊच आणि लेबल 12, असे 60 रुपये पडतात. आईची मजुरी धराच. ती न धरता केलेला हिशोब चार महिने छान दिसतो, आणि पाचव्या महिन्यात कामाला बाई ठेवायची वेळ आली की कोसळतो. तीन पाकिटांचा डबा घरपोच 480 रुपयांना ठेवला, तर मालाचे 180, खोका आणि टेप 15, महाराष्ट्रात पोचवायचं कुरिअर सुमारे 120, पेमेंट गेटवेचे 11, फुटलेल्या-हरवलेल्या पार्सलांसाठी दर डब्यामागे 12 आणि जीएसटीचा फरक थोडा (विक्रीवर भरायचा कर आणि खरेदीत आधीच दिलेला कर यांतला), हे सगळं वजा जाता हातात 135 ते 140 रुपये राहतात.

म्हणजे डबाभर भाजणीत जेवढं सुटतं, त्याहून थोडं जास्त एका मिक्सरच्या लिंकवर मिळतं, तेही कढईपुढे उभं न राहता. इथवर बघून बरेच जण लिंकच्या बाजूने कौल देतात. पण मिक्सर घेतलेली बाई पुन्हा मिक्सर कधी घेणार? पाच वर्षांनी, सात वर्षांनी, आणि तेव्हा तुमची लिंक शोधत येणार नाही. भाजणी मात्र दीड-दोन महिन्यांत संपते. आवडली असेल तर ती बाई स्वतःहून मेसेज करते, दिवाळीआधी चकलीची भाजणी आहे का विचारते, नणंदेच्या पत्त्यावर एक डबा पाठवायला सांगते. पहिला डबा विकायला जे व्हिडिओ करावे लागले, ते दुसऱ्या डब्याला लागत नाहीत. वर्षात तिने पाच डबे घेतले तर एका गिऱ्हाइकामागे 700 च्या आसपास सुटले, आणि तिचं नाव, पत्ता, फोन तुमच्या वहीत आला.

ॲफिलिएटच्या रिपोर्टमध्ये काय विकलं गेलं ते दिसतं, कुणी घेतलं ते दिसत नाही. उद्या कमिशनचा दर उतरला तर त्या माणसांना सांगायला तुमच्याकडे त्यांचा पत्ताच नसतो. आणि दर उतरतात. ॲमेझॉनने एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानावरचं कमिशन 8 वरून 3 टक्के केलं, किराण्यावरचं 5 वरून 1 टक्का. लिंकांवर घर चालवणाऱ्यांना ते सोसावं लागलं. त्याच वर्षी जून संपताना आपल्याकडे टिकटॉक बंद झालं आणि लोकांचे जमवलेले सगळे बघणारे एका रात्रीत गेले. ज्यांच्याकडे फोन नंबरांची यादी होती त्यांचा धंदा त्यातूनही चालू राहिला.

हेच कारण स्वतःच्या मालालाही लागू आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. भाजणी तुमची, पण विकता फक्त मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर, तर तिथेही गिऱ्हाईक तुमचं नसतं. फोन नंबर मिळत नाही, कमिशन आणि फी कापली जाते, आणि शेजारी दुसऱ्याची भाजणी 20 रुपये कमी भावाने दिसत असते. तुमच्याकडे आधीच चॅनेल आहे, तुम्हाला ओळखणारी माणसं आहेत. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग ठेवा, ऑर्डर तिथे घ्या, पैसे यूपीआयने किंवा पेमेंट लिंकने आधी घ्या. कॅश ऑन डिलिव्हरी देऊ नका. समोरच्याने पार्सल नाकारलं की जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं तुमच्या माथी, आणि आठवडाभर गोदामांतून फिरून आलेलं खाण्याचं पाकीट पुन्हा कुणाला देता येत नाही.

आता वजनाचं बघा, कारण घरगुती मालाचा नफा सगळ्यात जास्त इथेच झिरपतो. कुरिअरचे दर बहुतेक 500 ग्रॅमच्या टप्प्यांनी असतात. सगळ्यांना अर्धा किलोचं पाकीट करावंसं वाटतं, कारण दुकानात तसंच मिळतं. पण 500 ग्रॅम भाजणी, वर पाऊच आणि पाकीट धरून वजन 550 च्या पुढे जातं आणि भाडं 1 किलोचं लागतं. 400 ग्रॅमचं पाकीट 500 च्या आत बसतं. तीन पाकिटांचा डबा खोक्यासकट साधारण 1,360 ग्रॅम भरतो, म्हणजे दीड किलोच्या टप्प्यात. मग 140 ग्रॅमची जागा उरते ना? तिथे मेतकुटाचं 100 ग्रॅमचं पाकीट घाला. भाड्याचा एक पैसा वाढत नाही आणि डब्यामागे आणखी 30-35 रुपये सुटतात. फक्त खोक्याचं माप सांभाळा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागायचं, ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर भाडं त्याच्यावर लागतं. 25 बाय 20 बाय 14 चा खोका 1.4 किलो भरतो, म्हणून चालतो. त्याहून ऐसपैस खोका घेतलात तर हवेचं भाडं भराल. पूर्वी पिठांसारख्या वस्तूंच्या पाकिटांची वजनं नियमाने ठरलेली होती, आता तसं बंधन नाही. एका ग्रॅमला किती पैसे पडतात ते मात्र लेबलवर छापावं लागतं.

चारही वस्तू एकदम बाजारात आणू नका. थालिपिठाच्या भाजणीत बाजरी असते आणि बाजरीच्या पिठाला लवकर कडवटपणा येतो. भाजल्याने तो लांबतो, पण थांबत नाही. गोड्या मसाल्यात खोबरं आणि तीळ, म्हणजे तेल आलं आणि त्याबरोबर खवट होणं आलं. मेतकूट सगळ्यात निर्धास्त. चकलीची भाजणीही टिकते, पण तिचा हंगाम दिवाळीपुरता. म्हणून मी मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी या दोनच वस्तूंनी सुरुवात करीन, आणि भाजणीवर तारीख घालण्यापूर्वी ती ठेवून बघीन. प्रत्येक घाण्यातली सहा पाकिटं बाजूला काढा: तीन कपाटात, तीन गॅसजवळच्या फळीवर. पंधरा दिवसांनी, महिन्याने, दोन महिन्यांनी दोन्हीकडचं एकेक फोडून आधी वास घ्या, मग थालिपीठ लावून खा. गॅसजवळचं पाकीट आधी बिघडतं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी डबा नेमका तिथेच ठेवलेला असतो. ते जितकं टिकेल त्याच्या आतली मुदत छापा. पावसाळ्यात हे पुन्हा करून बघा, कारण मे महिन्यातल्या इंदूरच्या कोरड्या हवेत कुरकुरीत राहणारं पीठ ऑगस्टमध्ये गोळे धरतं. भाजल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला देऊ नका आणि दळून आल्यावर गरम पीठ पाऊचमध्ये भरू नका. आईंना हे माहीतच असेल, पण एका दिवसात पंधरा किलो करायची वेळ आली की घाई होते.

कच्चा माल इंदुरात घेणं हा आपला मोठा फायदा आहे. मसाल्याचं सामान सियागंजात घाऊक भावाने मिळतं, दगडफूल, नागकेशरापर्यंत सगळं. धान्य-डाळींसाठी छावणीचा बाजार आहे. पाऊच मात्र सुरुवातीला छापील करून घेऊ नका. छपाईचे सिलिंडर बनवावे लागतात आणि किमान ऑर्डर इतकी मोठी असते की तुमचे 60,000 तिथेच अडकतील. कोरा झिपवाला पाऊच आणि वर चांगलं छापलेलं लेबल, एवढं पहिल्या वर्षाला पुष्कळ आहे. आणि एक आग्रहाचं सांगणं: शेव किंवा कुठल्याही नमकीनच्या वाटेला जाऊ नका. या शहरात नमकीन विकणाऱ्यांशी भावात टक्कर घेणं घरगुती माणसाचं काम नाही. थालिपिठाची भाजणी त्यांच्याकडे नसते, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मराठी मुलीला ती घरच्यासारखी हवी असते.

इथेच इंदूरच्या माणसाला एक अडचण येते, जी पुण्यात बसून हाच धंदा करणाऱ्याला येत नाही. तुमचे बघणारे महाराष्ट्रात आहेत आणि तुम्ही मध्य प्रदेशात. मालासाठी 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, असं सगळे सांगतात. ते राज्यातल्या राज्यात खरं आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी पहिल्या डब्यापासून लागते. व्हॉट्सॲपवरून विकलात तरी लागते. लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत जाऊन कमी कर भरू म्हणाल, तर त्या योजनेतून राज्याबाहेर माल विकता येत नाही. ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठेवरून विकायची सूट आहे, तीही राज्याच्या आतच. तेव्हा दोन मार्ग उरतात. पहिले काही महिने फक्त मध्य प्रदेशात विका: इंदूर, उज्जैन, देवास, धार, ग्वाल्हेर, जबलपूर इथे मराठी घरं काही कमी नाहीत, आणि कुरिअरही स्वस्त पडतं. माल टिकतो का, लोक परत मागतात का, हे तेवढ्यात कळतं. किंवा सुरुवातीलाच नोंदणी करून महाराष्ट्र उघडा. मी पहिला मार्ग निवडीन. भाजणी कोणत्या दरात बसते हे मात्र आधी सीएकडून लेखी घ्या, कारण पिठांची मिश्रणं साधं पीठ धरायची की तयार मिक्स, यावर पूर्वी वाद झालेले आहेत. वरच्या हिशोबात मी 5 टक्के धरले आहेत.

बाकी कागद सोपे आहेत. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी घ्यायची, तिचा 14 अंकी क्रमांक लेबलवर छापायचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, सर्व करांसहित किंमत, शाकाहारी चिन्ह, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हेही तिथेच. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नाव ठरवलंत की लेबल छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर 30 व्या वर्गात, म्हणजे पीठ-मसाल्यांच्या वर्गात, शोधून बघा. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षं चालते.

लिंका का ठेवायच्या, तेही सांगतो. दिवाळीआधी सोऱ्याची लिंक जास्त चालायला लागली, तर चकलीच्या भाजणीला कधी हात घालायचा ते तुम्हाला महिनाभर आधी कळतं. बिडाच्या तव्याची लिंक चालली तर थालिपीठ लावणारे लोक तुमच्याकडे येतायत. ही माहिती फुकटात, उलट कमिशनसकट मिळते. तुम्ही स्वतः वापरलेल्या वस्तूचीच लिंक द्या. ज्या माणसाने तुमच्या शब्दावर कुचकामी मिक्सर घेतला, तो तुमची भाजणी घेणार नाही. लिंकवर कमिशन मिळतं हे स्पष्ट सांगा, आणि मराठीत सांगा. ग्राहक मंत्रालयाने जानेवारी 2023 मध्ये दिलेल्या सूचनांत शिफारस ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत हवा असं आहे. मराठी व्हिडिओखाली बारीक इंग्रजी अक्षरात टाकून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

ॲफिलिएट म्हणून इंदुरात हल्ली दुसरंच काही खपवलं जातं, आणि त्याने मला खरोखर वाईट वाटतं. पाच-दहा हजार भरून कोर्स घ्यायचा, आणि मग तोच कोर्स मित्रांना विकून कमिशन घ्यायचं. कोचिंगसाठी भंवरकुआकडे खोली घेऊन राहणारी मुलं घरून मागवलेले पैसे यात घालतात. यात वस्तू कुठेच नाही, नव्याने आलेल्याचे पैसे आधीच्याला मिळतात. डिसेंबर 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिड योजनांना मनाई आहे आणि सामील व्हायला फी घेण्यालाही. खरी ॲफिलिएट योजना तुमच्याकडून एक रुपयाही मागत नाही. कुणी मागितला तर तिथेच उठा.

लिंकच योग्य, अशी माणसंही आहेत. ज्याला वस्तू तपासायची, तुलना करायची आवड आहे, ज्याच्या घरात स्वतःचं म्हणावं असं काही बनत नाही, किंवा ज्याला दर आठवड्याला ठरल्या दिवशी पार्सलं बांधणं जमणार नाही, त्याने माल बनवायला जाऊ नये. पार्सलं बांधणं कंटाळवाणं आहे आणि ते कायमचं आहे. तुमच्या नोकरीकडे बघून मी आठवड्यातून एकच दिवस पाठवणीचा ठेवीन, शनिवार सोडून. शनिवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुठेतरी पडून राहतं. ऑर्डर मंगळवारी रात्री बंद, माल बुधवारी बाहेर, असं कॅटलॉगवरच लिहा. लोक थांबतात. रोज ताजं करून मिळत नाही, हे त्यांना घरगुती मालाच्या बाबतीत पटतं.

60,000 पैकी 25,000 च्या वर पहिल्या तीन महिन्यांत खर्च करू नका. कच्चा माल, पाऊच-लेबल, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, हातसीलिंग मशीन, नोंदण्या आणि खोके एवढ्यात बसतात. वजनकाटा प्रमाणित आणि मुद्रांकित, म्हणजे वजनमापे खात्याचा शिक्का असलेला, घ्या. जाहिरातीला पैसे घालू नका, तुमचा चॅनेल हीच जाहिरात आहे. उरलेले पैसे दिवाळीच्या आधीच्या महिन्यासाठी राखा. तेव्हा डाळींचे भाव चढतात आणि ऑर्डरी एकदम येतात.

आणि नोंदण्या कुणाच्या नावावर, हे आधी घरात बसून ठरवा. तुमच्या नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय करण्याला मनाई आहे का ते वाचा. असेल तर एफएसएसएआय, जीएसटी, बँकेचं चालू खातं आणि ट्रेडमार्क सगळं आईंच्या नावावर करा. त्याच खऱ्या अर्थाने माल बनवणाऱ्या आहेत, त्यामुळे उत्पन्नही त्यांचं धरलं जाईल आणि विवरणपत्र त्यांचं भरावं लागेल. चॅनेलचं आणि लिंकांचं कमिशन तुमच्या पॅनवर येत असेल, तर ते वेगळ्या खात्यात ठेवा. भाजणीचे पैसे त्यात मिसळू नका.